हिशेब पहिल्यापासून

मोहरमला दादा गावी आला. कडेगावच्या ताबुतांच्या भेटी बघायला बाहेरगावी असलेला प्रत्येकजण येतो, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. नवल होतं त्याच्या बॅगेतल्या कागदाचं. बारावीची गुणपत्रिका. सतरा नंबरचा फॉर्म भरून त्यानं बाहेरून परीक्षा दिली होती आणि चोपन्न टक्क्यांनी पास झाला होता. वय वर्षं एकोणचाळीस.

"आता बी.कॉम.ला नाव घालतोय," तो म्हणाला. "मुक्त विद्यापीठातनं."

घरात कुणी काही बोललं नाही. मग आईच म्हणाली, "आता पोरांचं शिकायचं वय, का तुझं?" वहिनी आत गेली. तिचं गप्प बसणं मला कळत होतं. घराचं कर्ज अजून आठ वर्षं आहे. मोठी पोरगी यंदा दहावीला आहे. आणि हा माणूस चालू दुकान अर्ध्यावर आणून कॉलेजात निघालाय.

दादा गलाईवाला आहे. आमच्याकडच्या वाचकाला एवढं पुरे, इतरांसाठी सांगतो. खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव हा पट्टा पूर्वीचा दुष्काळी. हलकी जमीन आणि बेभरवशाचा पाऊस. इथून माणसं बाहेर पडली आणि देशभरच्या सराफ कट्ट्यांवर सोनं-चांदी शुद्ध करायच्या धंद्यात शिरली. मोडीत आलेला दागिना मुशीत आटवायचा, त्यात सोन्यापेक्षा कितीतरी जास्त चांदी मिसळायची, मग ते तेजाबात सोडायचं. चांदी-तांबं विरघळतं, सोनं तळाशी राहतं. उरलेल्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या टाकल्या की चांदीही परत हाती येते. काम चालू असताना तपकिरी धूर निघतो, तो छातीत जातो. दादा सोळाव्या वर्षी अकरावी सोडून तमिळनाडूत एका गाववाल्याच्या दुकानात पोऱ्या म्हणून गेला. पुढं त्यानं स्वतःचं दुकान टाकलं. आता त्याला डॉक्टरनं धुरापासून लांब राहायला सांगितलंय, धंदाही मोठ्या रिफायनऱ्यांकडं सरकतोय. त्याचा बेत साधा आहे. वाणिज्य शाखेची पदवी असली की जीएसटी प्रॅक्टिशनरच्या परीक्षेला बसता येतं. ती झाली की विट्यात बसून आपल्याच लोकांची विवरणपत्रं भरायची.

बेत बरा होता. प्रश्न एवढाच होता की मधली तीन-चार वर्षं घर कोण ओढणार. या प्रश्नावर आमच्या घरात सगळ्यात कमी बोलायचा अधिकार माझा होता. त्याचं कारण पुढं येईलच.

दोन दिवसांनी मी गाडी काढून देवराष्ट्रेला गेलो. डोकं शांत करायला म्हणून गेलो आणि एक वेगळाच हिशेब घेऊन परत आलो.

बेलिफाचं घर

देवराष्ट्रे आमच्याच तालुक्यात, सागरेश्वरच्या डोंगराजवळ. यशवंतराव चव्हाणांचा जन्म इथला, १२ मार्च १९१३चा, आजोळी. ते घर आता स्मारक म्हणून जपलंय. शाळेच्या सहलीत आम्ही ते पाहिलेलं. तेव्हा गुरुजींनी सांगितलं होतं की एवढ्याशा घरातून माणूस देशाचा संरक्षणमंत्री झाला, तुम्हीही व्हा. या वेळी माझं लक्ष दुसऱ्याच एका गोष्टीवर गेलं. यशवंतरावांचे वडील बळवंतराव कोर्टात बेलिफ होते.

बेलिफ म्हणजे समन्स बजावणारा, जप्तीचा हुकूम घेऊन दारात उभा राहणारा माणूस. त्या काळच्या सातारा जिल्ह्यात (आमचा भाग तेव्हा साताऱ्यातच होता. १९४९ला दक्षिण सातारा झाला आणि १९६०ला त्याचं नाव सांगली पडलं.) दिवाणी कोर्टाचं मोठं काम म्हणजे कर्जाचे दावे. त्याला एक इतिहास आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन कर्जखतं जाळली. दख्खनचे दंगे म्हणून आपण ते शाळेत वाचतो. सरकारनं आधी चौकशी आयोग नेमला आणि मग १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला.

या कायद्यातली एक तरतूद मला फार आवडते. तोवर कोर्ट फक्त खतावर काय लिहिलंय ते बघायचं. खतावर पाचशे लिहिलेत, अंगठा आहे, म्हणजे पाचशे द्या. नव्या कायद्यानं न्यायाधीशाला खताच्या मागं जायला सांगितलं. व्यवहार पहिल्यांदा कधी सुरू झाला, मुद्दल किती दिलं, व्याज किती चढवलं, जुनं खत फाडून नवं कधी केलं, हा सगळा हिशेब पहिल्यापासून तपासायचा आणि मग खरं देणं ठरवायचं. कर्ज थकलं म्हणून शेतकऱ्याला तुरुंगात टाकणंही या कायद्यानं बंद झालं.

मला वाटतं, मोठ्या माणसांची चरित्रं आपण खतासारखी वाचतो. वर लिहिलेला आकडा बघतो, म्हणजे पदवी, पद आणि सालं. मागचा हिशेब उघडत नाही. ‘गरिबीतून शिकले’ हे दोन शब्द वाचतो आणि पुढं जातो. शिकायला पैसे लागले असतील तर ते कुणीतरी दिले असतील. वेळ लागला असेल तर त्या वेळात घर दुसऱ्या कुणीतरी चालवलं असेल. त्या माणसाचं नाव खतात नसतं.

एकविसाव्या वर्षी मॅट्रिक

बळवंतराव प्लेगात गेले. यशवंतराव तेव्हा अगदी लहान होते. आई विठाईच्या पदरी मुलं आणि हाती काही नाही. थोरल्या भावाला, ज्ञानोबांना, कोर्टातच नोकरी मिळाली, त्यामुळे घर तगलं. मधले गणपतराव. त्यांनी शिक्षण अर्ध्यावर सोडलं आणि घराचा भार उचलला. धाकट्यानं शिकावं असं ठरलं.

हा धाकटा काही सरळ रेषेत शिकला नाही. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये असतानाच तो चळवळीत पडला. १९३२ साली त्याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. घरातली दोन माणसं ज्याच्यासाठी खपतायत तो वर्गाऐवजी तुरुंगात बसलाय, असा तो काळ. सुटून आल्यावर १९३४ साली मॅट्रिक, म्हणजे एकविसाव्या वर्षी. १९३८ साली कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून बी.ए., पंचविसाव्या वर्षी. १९४१ साली पुण्यातून एल.एल.बी., अठ्ठाविसाव्या वर्षी. मग कराडला वकिली सुरू केली, जून १९४२ला लग्न झालं आणि ऑगस्टमध्ये तो भूमिगत झाला.

आज एखाद्या मुलाचा बायोडेटा असा असता, तर ‘गॅप’ का पडली म्हणून मुलाखतीत घाम फोडला असता. आणि वकिलीचं उत्पन्न सुरू होतंय न होतंय तोच माणूस पुन्हा बेपत्ता. घरच्यांच्या बाजूनं विचार केला तर ही गुंतवणूक बुडीतच होती. त्यांनी ती काढून घेतली नाही.

गणपतरावांना क्षय झाला. यशवंतराव नोव्हेंबर १९५६मध्ये द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले, त्याच्या कितीतरी आधी ते गेले. विठाईंनी मुलाचं वैभव पाहिलं. ज्यानं शाळा सोडली त्यानं ते पाहिलं नाही. देवराष्ट्रेच्या त्या घरात उभं राहून मी हे मनातल्या मनात जुळवलं आणि मला दादा आठवला.

बहिणीचा दागिना

साताऱ्याच्याच दुसऱ्या एका विद्यार्थ्याचं खत उघडून बघू. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. बाबासाहेबांच्या शिक्षणाची गोष्ट आपण बडोद्याच्या शिष्यवृत्तीपासून सांगतो, पण हिशेब त्याच्या आधीच सुरू होतो. रामजींना मुलासाठी पुस्तक आणायचं असलं आणि हातात पैसे नसले, की ते लग्न झालेल्या मुलीकडं जात. तिच्याकडं पैसे नसले तर तिचा दागिना मागून घेत, सावकाराकडं गहाण टाकत, पुस्तक आणत. पेन्शन आली की दागिना सोडवून तिला परत. बाबासाहेबांनी स्वतः ही आठवण सांगितलेली आहे.

बडोद्याची शिष्यवृत्ती म्हणजे १९१३ साली महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार. आजच्या भाषेत बाँड. कोलंबियात एम.ए. झालं, लंडनला प्रवेश झाला, तेवढ्यात मुदत संपली. १९१७ साली शिक्षण अर्धं टाकून परत यावं लागलं. करार पाळायला बडोद्याला गेले, तर अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या जमावानं बाहेर काढलं. नोकरी सुटली. पुढं शिकवण्या केल्या, सल्लागाराचा धंदा करून पाहिला, १९१८ला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. कायमच्या घडीची नोकरी लागली असं कुणीही म्हटलं असतं. त्यांनी पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतले आणि १९२० साली नोकरी सोडून ते पुन्हा लंडनला गेले. वय एकोणतीस, घरी बायको आणि मूल. १९२३ साली डी.एस्सी. घेतली, बॅरिस्टरही झाले.

या काळात मुंबईत रमाबाई होत्या. परळच्या चाळीत, मोजक्या पैशात. एकामागून एक मुलं दगावत होती. १९३५ साली त्या गेल्या. बाबासाहेबांनी ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हे पुस्तक त्यांच्या, रामूच्या, स्मृतीला अर्पण केलं. घटना समितीचा मसुदा, कायदामंत्रिपद हे सगळं त्या गेल्यानंतरचं.

नांगर विकणारा माणूस

तिसरं खत रयतेचं आहे. भाऊराव पाटलांनी शाळा पूर्ण केली नव्हती. कोल्हापूरच्या बोर्डिंगमधून त्यांना काढलेलं. साताऱ्यात शिकवण्या केल्या, ओगल्यांच्या काच कारखान्याचा माल विकला, मग किर्लोस्करांचे लोखंडी नांगर. किर्लोस्करवाडी आमच्या शेजारच्या पलूस तालुक्यात. पुढं साताऱ्याला कूपरांच्या कारखान्यात. धंद्यात माणूस चांगला बसलेला होता. नांगर विकायला गावोगाव फिरावं लागतं, शेतकऱ्याच्या ओट्यावर बसावं लागतं. तिथं दिसलेली निरक्षरता त्यांना सोडवेना. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, बत्तिसाव्या वर्षी, कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ला ती साताऱ्याला आली आणि सगळ्या जातींची मुलं एकाच पंगतीला बसवणारं वसतिगृह सुरू झालं. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं.

पण मुलांना रोज जेवायला लागतं. लक्ष्मीबाई पाटलांनी आधी सोवळ्याओवळ्याचे संस्कार बाजूला ठेवून त्या मुलांना रांधून घातलं, मग दागिने काढून दिले. एकेक करत सगळे, शेवटी मंगळसूत्रसुद्धा.

ही गोष्ट मी शाळेत ऐकली होती. तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. गलाईवाल्याच्या घरात वाढल्यावर ती वेगळी ऐकू येते. दादाच्या मुशीत रोज कुणाची तरी मंगळसूत्रं पडतात. तो म्हणतो, जूनमध्ये मोड जास्त येते. पेरणी आणि शाळेच्या फिया एकाच महिन्यात. "कुठल्या भाषेतल्या बाईचं हाय ते सोन्याला कळत न्हाई," असं तो एकदा म्हणाला होता. म्हणजे साताऱ्याचं ते मंगळसूत्रही अशाच कुठल्या तरी मुशीत विरघळलं असेल. त्या सोन्याचं पुढं काय झालं याची नोंद कुठं नसते. लक्ष्मीबाई १९३० साली गेल्या. तेव्हा रयत लहानच होती.

भाऊरावांचं मोठेपण मला पुढच्या गोष्टीत दिसतं. दागिने संपणारच होते. एका बाईच्या अंगावरच्या सोन्यावर किती मुलं शिकणार? त्यांनी मुलाच्या स्वतःच्या श्रमाला फीचं मोल दिलं. कमवा आणि शिका. १९४० साली साताऱ्याला महाराजा सयाजीराव हायस्कूल याच तत्त्वावर निघालं, १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज. मुलं शेतात राबायची, खडी फोडायची आणि शिकायची. याचा अर्थ असा की घरच्या कुणाला शाळा सोडावी लागू नये, बहिणीचा दागिना मागावा लागू नये, अशी सोय करता येते. ज्या संस्थेला हे जमलं, ती टिकली.

एकाच जिल्ह्यातून आलेले दोन निर्णय

मुख्यमंत्री झाल्यावर यशवंतरावांनी ज्यांचं वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत आहे अशा घरातल्या मुलांची फी माफ केली. ई.बी.सी.ची सवलत. आमच्याकडचे साठीच्या पुढचे मास्तर, ग्रामसेवक, बँकेतले साहेब अजून सांगतात, "आम्ही इबीसीवर शिकलो." या निर्णयात मला गणपतराव दिसतात. ज्या कारणासाठी भावानं शाळा सोडली ते कारणच सरकारी आदेशानं कमी करायचं.

आमच्याच तालुक्यातल्या सोनसळचे पतंगराव कदम रयतेच्या मुशीतून शिकून पुण्याला गेले आणि १९६४ साली, विशीत, त्यांनी भारती विद्यापीठ काढलं. ही दुसऱ्या पिढीची गोष्ट.

मग १९८३ आलं. मुख्यमंत्री होते वसंतदादा पाटील, तेही सांगलीचेच. परराज्यात डोनेशन भरून शिकायला जाणारी मुलं इथंच शिकावीत म्हणून त्यांनी विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांना परवानगी दिली. कॉलेज तालुक्याच्या अंतरावर आलं. आमच्यासारख्यांची पोरं इंजिनियर झाली ती त्यामुळेच, हे नाकारायचं कारण नाही. पण फी विद्यार्थ्यानं भरायची होती आणि ती भरायला पुढं बँका आल्या. शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना २००१ साली बँकांच्या संघटनेनं आखली. चार लाखांपर्यंत तारण नको, जामीनदार नको, शिक्षण संपून वर्षभरानं हप्ते सुरू. दागिना गहाण न टाकता शिकायची ही सोय. फक्त मधल्या वर्षांत व्याज चढत राहतं.

आता माझं कारण सांगतो. मी चार लाख घेतले होते. हप्ते सुरू व्हायच्या वेळी ते साडेपाच लाखांच्या वर गेले होते आणि माझ्या हातात नोकरी नव्हती. महिना दहा हजारांचा हप्ता. पहिली दोन वर्षं तो तमिळनाडूतून येत होता. तेजाबाच्या धुरातून. त्यानं तो कधी बोलून दाखवला नाही, आणि मी नोकरी लागल्यावर पुढचे हप्ते भरले म्हणजे फिटलं, असं धरून चाललो होतो.

आयकर कायद्यात शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर सवलत होती, कलम ८०-ई. कर्ज स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा मुलांच्या शिक्षणाचं असलं पाहिजे. भावाचं चालत नाही. कायद्यानं ज्या नात्याला कर्जाच्या हिशेबात जागाच दिली नाही, त्या नात्यावर आमचा निम्मा जिल्हा शिकलाय.

राहून गेलेल्यांचं विद्यापीठ

यशवंतराव २५ नोव्हेंबर १९८४ रोजी गेले. पाच वर्षांनी, जुलै १९८९मध्ये, नाशिकला त्यांच्या नावानं मुक्त विद्यापीठ सुरू झालं. ब्रिटनमध्ये १९६९ला असं विद्यापीठ निघालं होतं, आपल्याकडं आंध्रात १९८२ला, दिल्लीत इंदिरा गांधींच्या नावाचं १९८५ला. महाराष्ट्राचं त्यांच्यामागून आलं. जवळच्या कॉलेजात अभ्यासकेंद्र, सुट्टीच्या दिवशी वर्ग, पुस्तकं मराठीत, वयाला वरची मर्यादा नाही. पोलीस शिपाई, एसटीचे वाहक, अंगणवाडी सेविका, कारखान्यातले कामगार, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या बायका. घराघरात विचारलं तर कुणीतरी ‘मुक्त’चं निघतंच.

अशा माणसांना हसणारेही असतात. "मुक्तची डिग्री का?" असं विचारताना आवाज थोडा खाली येतो. मी स्वतः विचारलेलं आहे.

देवराष्ट्रेहून परत येताना वाटलं की या विद्यापीठाला नाव यशवंतरावांचं असलं तरी ते आहे गणपतरावांसाठी. धाकटा शिकावा म्हणून जे वर्गातून उठले, त्यांच्यासाठी उशिरा का होईना कुणीतरी बाक रिकामा ठेवला. महात्मा फुल्यांनी १८५५ साली कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती, त्याच वाटेवरचं हे पुढचं ठिकाण. दिवसा ज्याला घर ओढायचंय त्याला रात्री शिकवा, रविवारी शिकवा, पण तुझं वय गेलं असं म्हणू नका.

मात्र गोडीगुलाबीनं सांगून चालणार नाही. पदवी घेतली की धंदा बदलतोच असं नाही. आपण आंबेडकर आणि यशवंतराव लक्षात ठेवतो, कारण त्यांचं जमलं. कर्ज काढून दुसऱ्यांदा शिकायला गेलेले आणि ना नोकरी ना पदवी असे परत आलेले गावात किती आहेत ते प्रत्येकाला ठाऊक असतं. त्यांची चरित्रं कुणी लिहीत नाही. वहिनी आत निघून गेली होती ती यासाठीच. तिच्या भीतीला ‘शिक्षणाला वय नसतं’ हे उत्तर पुरत नाही. तिला आकडे हवे होते.

तर रात्री जेवणं झाल्यावर आम्ही वही घेऊन बसलो. दादा, वहिनी, मी. विद्यापीठाची फी जीवघेणी नाही, ती अडचण नव्हतीच. खरा खर्च दुकानाचा होता. भट्टीचं काम पुतण्याकडं दिलं की दादाचं उत्पन्न निम्म्यावर येतं. घराचा हप्ता, पोरीची अकरावी, गावाकडचा खर्च. वहिनी एकेक आकडा सांगत होती आणि दादा लिहीत होता. शेवटी महिन्याला अकरा-बारा हजारांचं भगदाड पडत होतं.

"घराचा हप्ता मी भरतो," मी म्हणालो. "तुझी परीक्षा होईपर्यंत."

"तुझंबी घर हाय की," दादा म्हणाला.

"त्या वेळी तुझं नव्हतं?"

तो गप्प झाला. वहिनी वहीतला आकडा परत एकदा मोजत होती. थोड्या वेळानं ती म्हणाली, "चार वर्षं. पाचवं न्हाई. आणि नापास झाला तर दुकानात परत बसायचं, हे पण लिवा." दादानं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मी सगळी सालं एकाखाली एक मांडली. लक्ष्मीबाई १९३०. रमाबाई १९३५. आणि गणपतराव, भाऊ मुख्यमंत्री व्हायच्या आधी. ज्यांच्यावर तिन्ही गोष्टी उभ्या राहिल्या ती तिन्ही माणसं परतफेडीच्या आधीच गेली. म्हणून ज्यांनी घेतलं होतं, त्यांना ते दुसऱ्या कुणालातरी परत करावं लागलं. एकानं अनोळखी पोरांची फी माफ केली, एकानं शाळा उभ्या केल्या, एकानं संविधानाचा मसुदा घडवला. तो त्यांचा मोठेपणा. पण त्यात एक नाइलाजही असावा, असं मला आता वाटतं. मूळ सावकार राहिलेलाच नव्हता.

माझं तसं नाही. माझा सावकार अभ्यासकेंद्राची वेळ विचारायला परवा विट्याला गेला होता. परत आला तेव्हा हातात दोन वह्या आणि एक कॅलक्युलेटर होता. तो म्हणाला, पहिल्या वर्षाला अकाउंटिंग आहे, डेबिट-क्रेडिट तेवढं समजावून सांग. मी इंजिनियर. मलाही येत नाही. आम्ही दोघं मिळून पहिल्या पानापासून सुरू केलंय.